लकवा झालेला माणूस घरी येतो तेव्हा: दवाखाना, तहसील आणि गाव एका फाइलीत कसं आणायचं

लकवा झालेल्या माणसाला दवाखान्यातून सोडतात तेव्हा नातेवाइकांच्या हातात तीन गोष्टी असतात: इंग्रजीतला डिस्चार्जचा कागद, गोळ्यांची पिशवी आणि 'पंधरा दिवसांनी दाखवायला या' हे वाक्य. पहिल्याच रात्री प्रश्न सुरू होतात. कूस कोणी आणि कशी बदलायची? लघवीची नळी कधी बदलतात? मुलाची रजा संपली की दिवसभर जवळ कोण बसणार? कमावता माणूसच आडवा झालाय, तर पुढच्या महिन्याचा किराणा कुठून? यातले पहिले दोन प्रश्न आरोग्य खात्याचे आणि पुढचे दोन समाजकल्याणाचे, असं सरकारदरबारी मानतात. घरातल्या बाईच्या वाट्याला मात्र चारही एकदमच येतात.

गेली काही वर्षं मी तालुक्याच्या गावी अशा कुटुंबांबरोबर तहसील आणि दवाखान्याच्या फेऱ्या मारते. त्या फेऱ्यांत जे कळलं (बरंचसं चुकून कळलं) ते इथे क्रमाने लिहिते. कुटुंबातला कोणीही, आशाताई किंवा एखादा कार्यकर्ता हे करू शकतो. उदाहरण लकव्याचं, म्हणजे पक्षाघाताचं घेतलंय. पण मणक्याला मार बसलेला माणूस असो की शेवटच्या टप्प्यातला कॅन्सरचा रुग्ण, वाट साधारण हीच असते.

आधी कोण कुठे बसतं ते समजून घ्या

एका रुग्णासाठी किती खाती लागतात, मोजून बघा. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाचं, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. निराधार अनुदानाची योजना सामाजिक न्याय विभागाची, पण अर्ज घेतं तहसील कार्यालय, म्हणजे महसूल. दिव्यांगांसाठी २०२२ पासून राज्यात वेगळा विभाग आहे, पण दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवतात दवाखान्यातले डॉक्टर. रेशन अन्न व नागरी पुरवठ्याकडे. व्हीलचेअर समाजकल्याणाकडून मिळू शकते, नाहीतर ग्रामपंचायतीकडून.

स्कॉटलंडने २०१४ साली कायदाच केला, की आरोग्य मंडळ आणि स्थानिक परिषद यांनी अशा माणसांचं नियोजन आणि पैसा एकत्र करायचा. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्याकडे जोडणी होते ती एका जाड प्लास्टिकच्या फाइलीत आणि ती फाइल घेऊन हिंडणाऱ्या एका माणसात. तो माणूस कोण, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. थोरला दवाखाना बघणार, धाकटा तहसील आणि जावई बँक, अशी वाटणी दिसायला न्याय्य असते. पण मग आधारची झेरॉक्स एकाकडे, पोचपावती दुसऱ्याकडे आणि 'मला वाटलं तू केलंस' हे तिसऱ्याकडे. फिरायला कितीही जण असोत, फाइल एकाकडेच राहू द्या.

पहिली पायरी: रुग्ण दवाखान्यात असतानाच

लोक डिस्चार्जनंतर धावपळ सुरू करतात, आणि तिथेच उशीर होतो. दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत, जीव थोडा भांड्यात पडला की, दोन माणसांना भेटा.

एक, आरोग्यमित्र. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात यांचं टेबल असतं. ही योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत येतात, आणि पूर्वीसारखी फक्त पिवळ्या-केशरी कार्डाची अट नाही. रुग्ण सत्तरीपुढचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डाचंही विचारा. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल, तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. बोर्ड कोपऱ्यात लावलेला असतो. शोधा.

दोन, वैद्यकीय समाजसेवक. सरकारी रुग्णालयात या पदाचं नाव 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)'. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. एवढी जुनी परंपरा, आणि तरी दहापैकी आठ नातेवाइकांना ही खोली कुठे आहे हे माहीत नसतं. दवाखाना आणि बाहेरचं जग यांच्यातला अधिकृत दुवा हाच माणूस. त्यांना सरळ सांगा: घरी एवढी माणसं, एवढं उत्पन्न, घर असं, पायऱ्या इतक्या. लाजू नका, वाढवूनही सांगू नका.

याच दिवसांत आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघा. एकात 'पांडुरंग', दुसऱ्यात 'पांडूरंग', तिसऱ्यात आडनावच गायब, हे नेहमीचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणात मी अख्खा पावसाळा जाताना पाहिलाय.

दुसरी पायरी: सोडण्याआधी मराठीत एक पान लिहून घ्या

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. डिस्चार्जच्या कागदावर आजाराचं नाव असतं, सीटी स्कॅनचा निष्कर्ष असतो, औषधं असतात. तहसीलच्या कारकुनाला, ग्रामपंचायतीला, बँक मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही. आशाताईलाही फारसं नाही. त्यांना हवं असतं ते 'या माणसाला काय जमत नाही' हे.

म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांना किंवा समाजसेवा अधीक्षकांना विनंती करून साधारण असं पान सही-शिक्क्यासह घ्या:

'यांना अमुक तारखेला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व पाय लुळे. उठून बसण्यास दोन माणसांची मदत लागते. स्वतः जेवता येत नाही. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो. बोलणे अस्पष्ट, समज चांगली. लघवीची नळी बसवली आहे. बदलण्याची तारीख अमुक. रक्तदाबाची गोळी रोज, बंद करू नये. व्यायामोपचार आठवड्यातून इतक्या वेळा. पुढील तपासणी अमुक तारखेस. सध्या कोणतेही काम करण्यास असमर्थ.'

डॉक्टर घाईत असतात, म्हणून मसुदा तुम्हीच लिहून न्या. तपासून सही करायला त्यांना दोन मिनिटं लागतील. शेवटचं वाक्य तहसीलसाठी, नळीची तारीख आरोग्यसेविकेसाठी आणि 'समज चांगली' हे बँकेसाठी. हे शब्द का मोलाचे, ते पुढे येईल.

त्याच दिवशी सिस्टरकडून चार कामं हाताने करून शिका. बघून नव्हे, करून. कूस बदलणं (साधारण दर दोन तासांनी, रात्रीही), बसवून भरवणं, नळीची पिशवी कमरेच्या खाली ठेवून रिकामी करणं, आणि पाठ, माकडहाड, टाचा रोज उजेडात बघणं. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली हटली नाही, तर तिथे जखम व्हायला लागली आहे. घरात जी बाई हे करणार आहे तिलाच शिकवायला सांगा; वॉर्डात ऐटीत उभ्या असलेल्या भाच्याला नको.

तिसरी पायरी: घरी आल्यावरचा पहिला आठवडा

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आशाताईंना बोलवा आणि त्या पानाची झेरॉक्स द्या. पानाचा फोटो उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना जाऊ द्या. ही उपकेंद्रं आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणवतात. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या तिथे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. इथे एक धोका आहे. मोठ्या दवाखान्याने दिलेली गोळी पांढरी आणि केंद्रातली पिवळी, औषध एकच. काही घरांत दोन्ही देतात, काही घरांत 'ही वेगळी दिसते' म्हणून एकही देत नाहीत. जुनी पाकिटं न टाकता केंद्रात न्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून नव्या पाकिटावर पेनाने लिहून घ्या.

नळी कोण बदलणार ते नक्की करा: आरोग्यसेविका घरी येऊन, की केंद्रात न्यायचं? न्यायचं तर कोणत्या गाडीतून? नळी तुंबली, ताप आला, पुन्हा तोंड वाकडं झालं किंवा शुद्ध हरपत चालली, तर वाट न बघता १०८ ला फोन.

व्यायामोपचारांना उशीर करू नका. हातपाय परत येण्याची सगळ्यात जास्त आशा सुरुवातीच्या महिन्यांत असते, आणि नेमके तेच महिने कागद गोळा करण्यात जातात. रोज तालुक्याला नेणं झेपत नसेल तर आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टकडे शिकून या आणि बाकीचे दिवस घरी करा. आशाताईंसमोर एकदा करून दाखवा, म्हणजे त्या पुढच्या भेटीत चूक पकडतील.

पलंग, हवेची गादी, कमोडची खुर्ची लगेच विकत घेऊ नका. बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादा ट्रस्ट, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गणेश मंडळ रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन देतं. रुग्ण पासष्टीपुढचा आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय.

चौथी पायरी: दरमहाचं अनुदान

इथे जरा थांबून वाचा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मेंदूच्या आजारात साधारणपणे झटका आल्यावर सहा महिने थांबतात. बरोबरच आहे, त्याआधी कायमचं किती उरणार हे कळत नाही. म्हणून मीही एका कुटुंबाला सांगितलं, आधी प्रमाणपत्र होऊ दे, मग संजय गांधी योजनेचा अर्ज करू. ते सहा महिने त्यांनी उसनवारीवर काढले. नंतर मी नियम नीट वाचले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचा गट आहे, आणि वेगळा एक गट दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचाही आहे. त्या यादीत कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग यांच्याबरोबर पक्षाघातही लिहिलेला आहे. त्यासाठी जिल्हा शल्य चिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला लागतो. सहा महिने थांबायची गरजच नव्हती. त्या घरात चहा घेताना मला अजून अवघडायला होतं.

तर क्रम असा ठेवा. रुग्ण पासष्टच्या आतला असेल तर डिस्चार्जच्या वेळीच दुर्धर आजाराचा तो दाखला मागून घ्या आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेत (किंवा सेतू केंद्रामार्फत) अर्ज करा. पासष्ट पूर्ण असतील तर श्रावणबाळ योजनेत. सोबत वयाचा पुरावा, किमान पंधरा वर्षं राज्यात राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं. अनुदान दरमहा १,५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ते २,५०० करण्यात आलं.

उत्पन्नाची मर्यादा मात्र कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये आहे. महिन्याला १,७५०. एवढ्यात आज कोणतं घर चालतं, हे नियम करणाऱ्यांनाच विचारायला हवं. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. म्हणजे २१,००० च्या मर्यादेत बसत नसाल तर दिव्यांग प्रमाणपत्राची वाट खरोखर बघावी लागेल. बसत असाल तर आधी दुर्धर आजारातून अर्ज, आणि प्रमाणपत्र आलं की गट बदलून घ्यायचा. तो आपोआप बदलत नाही. त्या प्रमाणपत्राची प्रत तहसीलला देऊन पोच घ्या.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जाताना (पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात विचारताना तलाठीच विचारा) तेच मराठी पान पुढे ठेवा. 'कोणतेही काम करण्यास असमर्थ' हे डॉक्टरांच्या सहीने दिसलं की मागच्या वर्षीची मजुरी यंदाच्या उत्पन्नात धरू नका, हे पटवणं सोपं जातं. दाखल्यावर विसंबून पुढे सगळं चालतं, म्हणून एक प्रत जादा काढा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर आधी ऑनलाइन, मग ठरलेल्या दिवशी रुग्णालयात तपासणी. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्के ही किमान पातळी. झटका आल्याची तारीख सिद्ध करणारा कागद, म्हणजे पहिल्या डिस्चार्जची मूळ प्रत, त्या दिवशी विसरू नका. आणि रुग्ण त्या दिवशी जसा आहे तसाच नेऊ द्या. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहता यावं म्हणून घरच्यांनी आठवडाभर सराव करून घेतलेला मी पाहिलाय. अभिमानाने केलं बिचाऱ्यांनी.

पाचवी पायरी: बँक

अनुदान खात्यात आलं, पण काढायचं कसं? उजवा हात लुळा, सही येत नाही, मशीनवर अंगठा उमटत नाही. बँकेतून उत्तर येतं: 'त्यांना घेऊन या.' रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. आजारी किंवा असमर्थ खातेदाराच्या अंगठ्याचा, आणि हाताचा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही ठसा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. शिवाय सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच मूलभूत बँक सेवा द्यावी, असंही २०१७ पासून सांगितलेलं आहे. मॅनेजरना लेखी अर्ज द्या, सोबत मराठी पान. इथे 'समज चांगली' हे दोन शब्द उपयोगी पडतात, कारण खातेदार स्वतः व्यवहार समजून करतोय याची बँकेला खात्री हवी असते. समज गेलेली असेल तर मामला वेगळा. तिथे पालकत्वासाठी वकील गाठावा लागतो.

रेशन दुकानातही अंगठ्याचा हाच पेच पडतो. कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. एकटाच माणूस कार्डावर असेल तर त्याच्या वतीने धान्य घेणाऱ्याची नोंद पुरवठा शाखेत करून घ्या.

सहावी पायरी: अंगणातली वीस मिनिटं

इथपर्यंत सगळी माणसं तुम्हाला वेगवेगळी भेटली. पहिल्या महिन्यात त्यांना एकदा रुग्णाच्या घरीच एकत्र आणा: आशाताई, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य किंवा ग्रामपंचायत अधिकारी, जमलं तर तलाठी. मोठी सभा नको, हार नको. पोह्यांची प्लेट पुरते. रुग्णाला बाहेर आणून बसवा, किंवा सगळ्यांनी आत जा. कागदावर वाचलेला पक्षाघात आणि समोर पडलेला शाळासोबती यात फरक असतो. तीन महिने अडलेलं काम अशा भेटीनंतर आठवड्यात झालेलं मी पाहिलंय.

बोलणं एकाच कागदावर लिहा: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. वर्षअखेरीस तो घाईने भांडी वाटण्यात जाण्याआधी तुमच्या घरचा उतार किंवा संडासातली दांडी त्यात बसते का ते विचारा.

केरळमध्ये नेमकं हेच व्यवस्थेत बसवलंय. १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनाशामक उपचारांचा दवाखाना निघाला, त्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, आणि आज तिथल्या पंचायती परिचारिका नेमून घरोघरी पाठवतात. आपल्या ग्रामसभेत हा विषय काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप करायचा मोह होईल. करा, पण त्यात फक्त तारखा आणि कामं. जखमेचे फोटो, मानसिक आजार, एचआयव्ही, घरातली भांडणं यातलं काहीही तिथे नको. ज्याला लागेल त्याला एकट्याला पाठवा, आणि रुग्णाला विचारून. तो बोलू शकत नसला तरी मान हलवू शकतो.

सांभाळणारीचं कोणी लिहीत नाही

एकाही फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही. बायको किंवा सून, क्वचित मुलगा. तिची मजुरी बुडते, पाठ धरते, झोप मोडते, आणि तीन महिन्यांनी ती चिडकी झाली अशी गावात चर्चा होते. अंगणातल्या कागदावर तिच्या नावाची ओळ घाला: आठवड्यातून दोन दुपारी कोण येऊन बसणार. बचत गटातल्या बायका हे आनंदाने करतात, फक्त त्यांना वार सांगावा लागतो. तिचा रक्तदाब आशाताईंनी त्याच भेटीत मोजावा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. म्हाताऱ्या रुग्णाची घरात आबाळ किंवा छळ होत असेल तर एल्डरलाइन १४५६७.

अडलं तर

तोंडी 'नाही' कधी घेऊ नका. अर्ज लेखी, पोच शिक्क्यासह, तारीख फाइलीवर. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. मुदत उलटली की वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि 'अपील करते' एवढं नम्रपणे म्हटलं तरी पुष्कळदा कागद सापडतो. औषधं नसणं किंवा नळी बदलायला नकार हा विषय आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. आशाताईंवर चिडू नका; त्यांच्याकडे साधारण हजार लोकसंख्या असते आणि त्यांना मिळतो तो कामागणिक मोबदला.

फाइलीच्या पहिल्या पानावर मी चार तारखा मोठ्या अक्षरात लिहून ठेवते: नळी बदलण्याची, पुढच्या तपासणीची, झटक्याला सहा महिने पूर्ण होण्याची आणि हयातीच्या दाखल्याची. शेवटची दरवर्षी येते. ती चुकली की अनुदान मुकाट्याने बंद पडतं, आणि ते कळतं पुढच्या महिन्यात पासबुक भरून आणल्यावर.